नमस्कार, बौद्धवाडी

"टाक नाव," विनीतसर म्हणाले. "सगळ्यांना दिसू दे."

मीटिंगच्या खोलीतले दिवे मंद केलेले. भिंतीवर पडदा, आणि पडद्यावर माझाच कॉम्प्युटर भिंतीएवढा. मुंबईच्या मुख्य ऑफिसातून आलेली मंडळी टेबलाभोवती बसलेली, पुढ्यात काजू आणि चहा. मी कोपऱ्यात कीबोर्ड घेऊन. मी टाइप करायला लागले. एकेक अक्षर पडद्यावर उमटत गेलं. नाव पुरं झालं तेव्हा कुणीतरी नाकातून हसलं.

बौद्धवाडी.

पासवर्ड टाकला. पासवर्डाचे नुसते ठिपके दिसतात, तेवढं बरं. सर म्हणाले, "आता एकेक फोल्डर उघडून दाखव." मी नकाशांवर क्लिक केलं. लाल पट्टी आली. आपल्याला येथे प्रवेश नाही. परवान्यांवर केलं. आपल्याला येथे प्रवेश नाही. खरेदी, करार, अपघातांचे अहवाल. पट्टी, पट्टी, पट्टी.

"बघा," सर पाहुण्यांकडे वळले, "बौद्धवाडीला आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. एकदम सेफ."

या वेळी सगळे हसले. मोकळेपणानं, पोटभर जेवण झाल्यावर माणसं हसतात तसे. आणि माझेही दात दिसले. मी हसत नव्हते, पण चेहरा हसला. खोलीत सगळे हसत असताना एकटीनं गंभीर बसायला जी ताकद लागते ती माझ्यात नव्हती. नंतर बाथरूममध्ये जाऊन मी तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. आरशात बघवेना.

मी बौद्धवाडीतली आहे. सरांना ते ठाऊक होतं.

बोर्ली पंचतनच्या अलीकडे आमचं गाव. आधी गाव लागतं, मग खाली समुद्राच्या अंगाला कोळीवाडा, आणि रस्त्यानं मोरी ओलांडून पुढं गेलं की आमची वाडी. तिथून मी शिकले, कॉम्प्युटरची डिग्री घेतली आणि अलिबागच्या अलीकडे खाडीकाठच्या एका कारखान्यात लागले. कंत्राटावर. मुलाखत विनीतसरांनीच घेतली. कॉम्प्युटरचं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?" मी सांगितलं. "गावात कुठे?"

हा दुसरा प्रश्न आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. आडनावावरून नक्की होत नसेल तर तो येतोच. मी म्हणाले, "बौद्धवाडी." "अच्छा," ते म्हणाले आणि छान हसले. नोकरी दिली. मला त्यांचे उपकार वाटले. पुढे कितीतरी दिवस वाटत राहिले.

सर वाईट बोलायचे नाहीत. आवाज चढवायचे नाहीत. चतुर्थीला पालीला जायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना प्रसाद वाटायचे. माझ्या टेबलाशी आले की हात जरा थांबायचा. "तू घेतेस ना? का तुमच्यात चालत नाही?" सगळे वळून बघायचे. मी पटकन हात पुढे करायचे. घेतला तरी कानकोंडी, नाही घेतला तरी कानकोंडी. तो पेढा मला कधी गोड लागला नाही.

आमच्याकडे काम होतं कारखान्याचे सगळे कागद एका सिस्टिममध्ये ठेवायचं. यंत्रांचे नकाशे, कामाचे परवाने, गॅस गळला तर कुणी कुठं पळायचं त्याच्या सूचना. कुणी काय वाचायचं, कुणी काय बदलायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, हे सगळं मी लावायचे. अशा सिस्टिमची दोन घरं असतात. एक टेस्टचं, एक लाइव्हचं. टेस्टमध्ये सगळं खोटं. खोटे कागद, खोटी माणसं. तिथं करून बघायचं, चुका काढायच्या, नीट झालं की तेच उचलून लाइव्हमध्ये न्यायचं. लाइव्हमध्ये खरी माणसं येतात.

तर टेस्टसाठी तीन खोटी माणसं हवी होती. एकाला सगळं उघडं, एकाला नुसतं वाचता येईल, एकाला काहीच नाही. बाकी ठिकाणी त्यांना एक, दोन, तीन म्हणून मोकळे होतात. सर म्हणाले, "लक्षात राहील असं काहीतरी ठेवू या." खुर्चीत मागे रेलले. "ज्याला सगळं उघडं, तो देवघर. वाचणारा, ओसरी. आणि ज्याला काहीच नाही तो..." मग माझ्याकडे बघितलं. "बौद्धवाडी. काय? तुझ्या घरचंच नाव झालं. वाईट वाटून घेऊ नकोस हं. टेस्टच आहे."

शेजारी प्रथमेश बसायचा. माझ्याच वयाचा, माझंच काम करणारा, पण पर्मनंट. तो एवढा हसला की त्याला खोकला लागला.

मला मात्र ते घर ओळखीचं होतं. शाळेतल्या मैत्रिणीकडे मी अभ्यासाला जायचे. ओसरीवर बसून आम्ही गणितं सोडवायचो. तिची आई मायेनं लाडू द्यायची. ओसरीच्या पुढं मला कुणी कधी बोलावलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. सरांनी त्या घरात पाऊल न टाकता त्याचा नकाशा बिनचूक काढला होता. कुणी शिकवला असेल त्यांना? कुणी शिकवावा लागत नाही.

मी मूग गिळून तिन्ही नावं टाइप केली. तेव्हापासून सिस्टिममध्ये काहीही बदललं की तपासणी करायची, आणि ती माझ्याकडे. आधी देवघर होऊन आत जायचं. मग ओसरी. शेवटी बौद्धवाडी. बौद्धवाडी होऊन प्रत्येक फोल्डरवर टकटक करायची आणि प्रत्येक दारातून हाकलून घ्यायचं. लाल पट्टी आली की बरोबर. एखादं दार चुकून उघडलं की दोष, तो शोधून बुजवायचा. म्हणजे मला नकार मिळाला की माझं काम चांगलं. वरिष्ठांना मेल जायचा: बौद्धवाडीला कुठेही प्रवेश मिळत नाही, याची खात्री केली. खाली माझं नाव.

आईला फोनवर सांगायचे, काम छान चाललंय. काय काम करतेस विचारलं की म्हणायचे, कॉम्प्युटरचं. त्याच्यापुढं तोंड उघडत नसे.

मुकाट राहायचं कारण होतं. सर म्हणाले होते, "सिस्टिम लाइव्ह झाली की तुला पर्मनंट करतो. माझा शब्द." पर्मनंट म्हणजे काय, हे कंत्राटावरच्या माणसाला विचारावं. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी बदलते. आमची पिवळी, त्यांची निळी. निळ्या पट्टीवाल्याला गेटवरचा वॉचमन थांबवत नाही. आमच्या वाडीतलं अजून कुणी त्या कारखान्यात निळी पट्टी घालून गेलेलं नव्हतं. रघुकाका, माझे चुलते, तिथंच फिटर. केस पिकले, पट्टी पिवळीच. ते मला दिसले की म्हणायचे, "तू तरी निळी घाल गो. मंग मी मरायला मोकला."

मुख्य ऑफिसच्या मंडळींना सिस्टिम पसंत पडली. लाइव्हची तयारी सुरू झाली. टेस्टमधलं काय काय उचलून न्यायचं ते मी ठरवत होते. ती तिन्ही खोटी खाती मी वगळली. सरांनी त्यातलं एक परत घातलं.

अडचण अशी होती की पर्मनंट लोकांना कंपनीचा ईमेल असतो, त्यांचं लॉगिन त्यावरून आपोआप होतं. आम्हा ऑफिसातल्यांचं सोडलं तर कंत्राटी माणसांना ईमेल नाही. त्यांची खाती हातानं बनवायची, त्यांना आपला कामाचा परवाना तेवढा दिसायला हवा, बाकी सगळं बंद. सर म्हणाले, "सगळं बंद असलेलं खातं तयारच आहे की. त्याच्या कॉप्या काढायच्या, नंबर बदलायचा, परवान्याचं एक दार उघडायचं. संपलं."

"सर, पण त्याचं नाव?"

"नंबरनं लॉगिन होतंय ना? नाव वर कोपऱ्यात येतं. कोण वाचतंय? कंत्राटाची माणसं."

प्रथमेशनं कॉप्या काढल्या. मी माझ्या टेबलावर बसून त्याच्या माउसचा आवाज ऐकत होते. म्हणाले नाही की थांब. मनाशी म्हटलं, पहिल्या आठवड्यात बदलून टाकू, आता कशाला वाद. पर्मनंटची फाइल सरांच्या टेबलावर होती.

सिस्टिम लाइव्ह झाली. केक कापला.

कँटीनच्या बाहेर भिंतीवर एक मोठा स्क्रीन बसवला होता. पिवळ्या पट्टीवाल्यांनी तिथं नंबर टाकून आपला परवाना बघायचा. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांचा फोन आला. "काय गो, जरा खाली ये. माजा परवाना कसा बघायचा ते दाव."

मी गेले. खोटं कशाला सांगू, ऐटीत गेले. स्क्रीनपुढं रांग होती, काकांच्या तुकडीतली सगळी माणसं डबे धुऊन उभी होती. कोळीवाड्यातला हरेश, पलीकडच्या गावातले दोघंतिघं. काकांनी त्यांना सांगितलं, "ही आमची पोर. हे सगलं हिच्याच हातात हाय." माणसं बाजूला झाली. काकांनी एका बोटानं सावकाश नंबर टाकला, पासवर्ड टाकला.

स्क्रीनवर वर, चांगल्या ठळक अक्षरांत आलं: नमस्कार, बौद्धवाडी.

सिस्टिम प्रत्येकाला नावानं नमस्कार करते. ती सोय मीच चालू केली होती. तेव्हा ती मला चांगली वाटली होती.

काकांनी वाचलं. डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं आणि पुन्हा वाचलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे कुनाचं नाव?"

मी स्क्रीनकडेच बघत राहिले.

"तुला ठाव हुतं?"

"टेस्टमध्ये होतं," मी म्हणाले.

"टेस म्हंजी?"

"म्हणजे खोटं-खोटं. खरं करायच्या आधी करून बघतात ते."

काकांनी स्क्रीनकडे बोट केलं. मग म्हणाले, "मंग झालं की खरं."

मागे उभा असलेला हरेश पुढे आला, त्यानं आपला नंबर टाकला. नमस्कार, बौद्धवाडी. तो एकदम चिडला. "आमाला कशाला यांच्यात घातलं? आमी काय त्यातले हाव काय?" हा हरेश काकांच्या डब्यातली सुकट खायचा. रोज. त्याच्या मागचा म्हणाला, "माझंपण बघ रे, माझ्यावर तर न्हाय ना आलं?" रांगेत गडबड उडाली. जो तो आपला नंबर टाकून बघायला धावला, अंगावर शेण उडालं का ते बघावं तसा. आणि रघुकाका हेल्मेट काखेत धरून तिथंच उभे होते. कुणाला आठवलंच नाही की ते ऐकतायत.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. सरांच्या मीटिंगमध्ये मी एकटी होते, तिथली लाज मी गिळली होती. इथं माझ्या डोळ्यांदेखत माझ्या काकांची मान खाली गेली, सगळ्या रांगेपुढे, आणि ती खाली घालायला लावणारी गोष्ट रोज माझ्या हातून गेली होती. काका परवाना न बघताच कामावर गेले.

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना सांगितलं. ते आधी हसले. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं. "अरे यार, प्रथमेशनं साचा बदलला नाही वाटतं."

"साचा तुम्ही सांगितला होतात."

"बरं बरं. आता असं कर, आजच नावं बदलून टाक. आवाज करू नकोस. आणि ते तुझे काका आहेत ना, त्यांना समजाव. मशीनची चूक झाली म्हण. बाकीच्यांनाही तूच सांग. तुझं ऐकतील. तुमचीच माणसं." त्यांनी टेबलावरची फाइल उचलली, मला दिसेल अशी धरली. "आणि हे मी आज मंजुरीला पाठवतोय."

मी त्या फाइलकडे बघितलं. माझंच नाव होतं वर. एवढी वर्षं त्या फाइलसाठी मी काय काय गिळलं, ते सगळं एकदम घशाशी आलं. सरांना माझी माणसं बरोबर ठाऊक होती. मीटिंगमध्ये हसायला बौद्धवाडी, आणि आता बौद्धवाडीला गप्प करायला बौद्धवाडीतलीच पोर. मला पर्मनंट करायचं होतं ते या कामावर.

"मशीननं काही केलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज कापत होता, त्याचीही मला लाज वाटली. "मी खोटं सांगणार नाही."

"विचार कर," सर म्हणाले. "शांतपणे विचार कर."

त्या संध्याकाळी आईला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नोकरी घालवू नको गो बाय. आमी यापरीस लय सोसलंय." मी म्हटलं, "म्हणूनच." ती रडायला लागली. मी फोन ठेवला. माझी आई मला सोसायला सांगते, याची चीड आली आणि चीड आल्याचंही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉप घेऊन कँटीनबाहेर बसले. नावं बदलायचीच होती, पण केबिनमध्ये बसून गुपचूप नाही. एकेकाला बोलावलं. "तुमचं नाव काय लिहू? पूर्ण सांगा." माणसं आधी बिचकली. मग यायला लागली. वडलांचं नाव, आडनाव, जसं सांगतील तसं. आणि ज्यानं ज्यानं विचारलं की ते नाव कसं आलं, त्याला सांगितलं. "विनीतसरांनी ठेवलं. चेष्टेनं ठेवलं. ते रोज मी टाइप करत होते. मशीनची चूक नाही."

हरेश आला. नाव सांगून झाल्यावर हळू आवाजात म्हणाला, "मी काल तसं बोलाय नको हुतं." मी म्हणाले, "मला नको सांगूस. काकांना सांग." तो मान डोलावून गेला. सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. काकांनी डबा आता वेगळ्या जागी बसून खायला सुरुवात केली आहे.

काका शेवटी आले. म्हणाले, "आडनाव पुरं लिव." मी लिहिलं. त्यांनी ते स्क्रीनवर नीट वाचलं. "तुझी निळी पट्टी गेली म्हन की," म्हणाले. मी म्हटलं, "गेली." ते म्हणाले, "व्हय." शाबासकी दिली नाही. मला वाटलं होतं देतील. त्यांच्या मनात अजून काय सलतंय ते मला दिसत होतं. मी मीटिंगमध्ये हसले होते हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. लाजेची सगळ्यात मोठी गाठ तिथं आहे.

अर्ध्या तासात वरून बोलावणं आलं. सर केबिनमध्ये उभे होते, कान लाल झालेले. "तुला कळतंय का तू माझी काय इज्जत घालवलीस? कामगारांपुढं?"

म्हणजे इज्जत कामगारांपुढं जाते, हे त्यांना कळत होतं.

मी कंपनीकडे लेखी तक्रार दिली. त्यात काही सजवलं नाही. तीन खाती, त्यांची नावं, कुणी ठेवली, कुणासमोर पडद्यावर दाखवली, कोण हसलं. माझ्या हसण्यासकट लिहिलं. मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी चहा दिला, दार लावून घेतलं. गोड बोलल्या. "हे आपण घरातच मिटवू. सर माफी मागायला तयार आहेत. इथंच, माझ्यासमोर. तुझी पर्मनंटची ऑर्डरही निघेल. पुढं नेलंस तर तुझ्या काकांच्या कंत्राटाचं मी काही सांगू शकत नाही, बघ."

मी विचारलं, "माफी कँटीनबाहेर मागतील?"

"असं कसं? त्यांची एक पोझिशन आहे."

मी उठले. चहा तसाच राहिला.

आता मला कामावरून घरी बसवलंय. लॉगिन बंद केलंय. प्रथमेश दिसला तर नजर चुकवतो. काकांचं कंत्राट महिनाअखेरीला आहे, राहील की नाही कुणी सांगत नाही. मी त्यांना विचारलं, तुम्ही म्हणत असाल तर थांबते. ते म्हणाले, "मी कधी म्हनलो थांब?" तेवढंच.

लाज अजून आहे. ती एका दिवसात जात नाही. झोपताना तो पडदा दिसतो, माझे दात दिसतात. पण ती लाज मी आता एकटीनं वाहणार नाही. जिथली आहे तिथं ती पोचवणार. बंद दाराआडची माफी मला नको, ऑर्डरही नको. ज्या स्क्रीनपुढं आमच्या माणसांनी ते नाव वाचलं, तिथं सगळ्या पिवळ्या पट्ट्यांपुढं उभं राहून सरांनी सांगायचं की हे मी केलं आणि चुकलो. सोमवारपर्यंत वाट बघणार. नाही आले तर अलिबागच्या पोलीस ठाण्यात रीतसर गुन्हा दाखल करणार, आणि एकदा दाखल केला की कुणाच्याही सांगण्यावरून, आईच्यासुद्धा, मागे घेणार नाही.